पिवळ्या कण्हेरीचे पाच थेंब

३ फेब्रुवारी

ताई,

'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. नमस्कार घे. सप्रेमचं पुढे बघू.

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी एक ओळ. "अण्णांचा पेसमेकर नीट चालतोय ना?" चालतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र दहा वर्षं टिकेल. अण्णा म्हणाले, "मग मीही बघतो जमतंय का." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना असले विनोद सुचतात आणि मला हसावं लागतं, कारण घरात हसायला दुसरं कोणी नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता माझं ऐक. दवाखान्याच्या त्या दोन दिवसांनंतर आपण एकमेकींशी बोललोच नाही. जे बोललीस ते तू डॉक्टरांशी आणि जे बोलले ते मी तुझ्या कंपनीच्या चौकशी समितीशी. माझ्या जबाबाने तुझी चोवीस वर्षांची नोकरी गेली, हे मला माहीत आहे. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

गेल्या मे महिन्यात तू ती तपकिरी बाटली घेऊन आलीस. ड्रॉपरवाली, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. अण्णांच्या पायांवर सूज होती. ओट्यापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना दोनदा थांबावं लागायचं. तू म्हणालीस, "व्हिटॅमिन आहे. जरा कडू आहे. सकाळी चहानंतर पाच थेंब पाण्यातून दे." मी दिले. केमिस्ट बहिणीने आणलेलं व्हिटॅमिन, त्यात विचारायचं काय? मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई. मला काचेतलं कळतं, बाटलीतलं नाही.

आणि गुण आला, हेच तर जास्त छळतं. महिन्याभरात सूज उतरली. अण्णा जिन्यावरून खाली जाऊन पेपर आणायला लागले. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, आमच्या ताईच्या हाताला यश आहे म्हणून.

सप्टेंबरात त्यांच्या शाळेने नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला बोलावलं. तेहतीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत परिचर होते, बोलावणारच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढले. आदल्या दिवशी मात्र म्हणाले होते, "धाकटे, भिंतीला पिवळा रंग कधी दिला?" मी त्यांना दुकानात नेलं, डोळे तपासले, मोतीबिंदू वाढतोय म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या हाताने नवीन काचा बसवून दिल्या. माझ्याच धंद्यातली गोष्ट आणि मीच आंधळी.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी चौतीस. डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद घेऊन आल्या. "यांच्या रक्तात डिगॉक्सिन सापडलंय. हे हृदयाचं औषध मी जानेवारीतच बंद केलं होतं, किडनीला झेपत नव्हतं म्हणून. घरी औषधं कोण देतं?"

"मीच."

"काय काय देता?"

मी सगळी यादी सांगितली, शेवटी व्हिटॅमिनही. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. ते बघणं मी विसरणार नाही. थोड्या वेळाने एक पोलीस आला. "बाई, घर कोणाच्या नावावर आहे?"

मी तुला फोन केला. दुपारचे बारा वाजले होते. "ताई, ते थेंब कसले आहेत गं? डॉक्टर विचारतायत. रक्तात डिगॉक्सिन निघालंय." मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालीस, "व्हिटॅमिन. सांगितलं होतं ना? त्याचा काही संबंध नाही."

आणि मी जाऊन त्यांना ठासून सांगितलं, "माझी बहीण मोठ्या कंपनीत केमिस्ट आहे. तिला विचारलंय मी."

तू आलीस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, इस्त्रीचे कपडे घालून. तोवर अण्णांच्या मानेतून तार घालून हृदयाला बाहेरून ठोके देत होते आणि मी जुन्या गोळ्यांची एखादी पट्टी सापडते का म्हणून घरची केराची बादली जमिनीवर उपडी करून आले होते. तू फळ्यापुढे उभी असल्यासारखी डॉक्टरांना समजावत होतीस. "पिवळ्या कण्हेरीच्या बियांमधला पदार्थ आहे. डिगॉक्सिनचा चुलतभाऊच म्हणा. तुमच्या तपासणीला चुलत कोण आणि सख्खा कोण ते कळत नाही. मात्रेत असला तर ठोका जोरदार करतो, वाढला तर अडवतो. दोन्हींत बोटभर अंतर असतं." मग कुठल्या मोठ्या दवाखान्यातून उतारा मागवला, दुपारी तो आला, संध्याकाळी अण्णांनी डोळे उघडले. ठोके मात्र पूर्वीसारखे परतले नाहीत, म्हणून आठवड्याने पेसमेकर बसवला.

बावीस तास, ताई. बारा ते दहा. बाप मरायला टेकलेला, बहिणीवर विष घातल्याचा संशय, आणि तुला बावीस तास लागले.

मी सात वर्षांची असताना शाळेच्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीचं फळ तोंडाशी नेलं होतं. तू फाडकन थोबाडीत दिलीस. "मरशील! विष आहे ते!" गाल दिवसभर लाल होता. तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि तुला मला सांगायचं कळलं होतं.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

इतकं लांब पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. सहा पानं. त्यांतली चार रसायनशास्त्राची.

वाचली मी. बीमधला मूळ पदार्थ म्हणजे एक गाभा आणि त्याला लटकलेले साखरेचे तीन मणी. त्यातले दोन तोडले की उरतं ते हृदयाला जास्त लागू पडतं. तुमच्या प्रयोगशाळेत त्यावर अकरा वर्षं काम चाललं होतं आणि वरच्यांनी ते एका सहीसरशी बंद केलं. तुझ्या मते हा पदार्थ यकृतातून बाहेर पडतो, किडनीवर भार टाकत नाही, म्हणून अण्णांना चालेल असं तुला वाटलं. डॉक्टरांकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि अण्णांना उशांना टेकून बसल्याशिवाय झोप येत नव्हती. हे सगळं खरं असेल. त्या उशा मीच लावत होते.

पण मधेच तू लिहिलंस, "तुला सांगितलं असतं तर तू दिलं नसतंस."

बरोबर. नसतंच दिलं. म्हणूनच तर विचारायचं असतं, ताई.

त्या बावीस तासांचं तू एका वाक्यात आटोपलंस. "घाबरले होते." मीही घाबरले होते. फरक एवढाच की मला कशाला घाबरायचं तेही माहीत नव्हतं.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस, की आता तू पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नमुने तपासतेस. प्रत्येक आकडा तीन-तीनदा बघतेस, म्हणून तिथली पोरंसोरं हसतात. "पाच थेंबांचं गणित मी सतरा वेळा मांडलं. बाटलीतलं प्रमाण दोनदा तपासलेलं होतं. पाच थेंबांनी एवढं व्हायला नको होतं. कुठे चुकले ते सापडत नाही आणि ते सापडेपर्यंत माझा माझ्या हातांवर विश्वास नाही."

वाचून मला बरं वाटलं. असं लिहू नये, पण वाटलं. लहानपणापासून तुझं कधी काही चुकलं नाही. गणितात पैकीच्या पैकी, आणि मी कोपऱ्यात पाढे म्हणत. अण्णांची तू 'शास्त्रीणबाई', मी नुसती 'धाकटी'. आता शोध म्हणावं आपली चूक.

अण्णा तुझ्याबद्दल विचारत नाहीत. मी तुझं नाव काढलं की खिडकीतून बाहेर बघतात. इतकं दुखावलं आहेस तू त्या माणसाला.

धाकटी


९ मार्च

ताई,

आज तुझी खरडपट्टी काढायला लिहीत नाहीये. आज कोणाची काढायची तेच कळत नाहीये.

रविवारी अण्णांच्या खुर्चीची खोळ धुवायला काढली. गादीच्या खालून एक वही पडली. शाळेची प्रयोगवही, डाव्या पानाला रेघा, उजवं कोरं. त्यांचं ते लेबलं लिहिणारं सुबक अक्षर. पहिल्या पानावर: "निरीक्षण क्र. १. ११ मे. नाडी ९६. सूज घोट्याच्या वर चार बोटं. चव अत्यंत कडू. थोरली म्हणते, तीन आठवडे थांबा."

रोजची नोंद, ताई. एकही दिवस चुकलेला नाही.

अण्णा अंघोळ करून बाहेर आले. माझ्या हातात वही बघितली आणि टॉवेल खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"त्याच्या आधीपासून. ती नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, कर."

"कण्हेर आहे हेही?"

"बिया मीच फोडून दिल्या तिला. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या बाटल्या धुतल्या, धाकटे. म्हटलं, एकदा तरी आपण प्रयोगात असावं."

मी म्हटलं, "आणि मी? मी कोण होते त्या प्रयोगात? ड्रॉपर?"

ते खुर्चीवर बसले. खोळ नव्हती, नुसत्या लाकडावर.

"तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. डॉक्टरांकडे धावली असतीस."

"पोलिसाने मला घर कोणाच्या नावावर विचारलं, अण्णा! तुम्ही शुद्धीवर आल्यावर एक शब्द बोलला नाहीत. तिची नोकरी गेली, तरी नाही. बापाला न कळवता औषध पाजलं म्हणून तिच्यावर गुन्हा नोंदवला, तरी नाही."

मग त्यांनी सांगितलं ते तुला माहीतच आहे. दवाखान्यातच तू त्यांच्या कानाशी वाकून म्हणालीस, "तुम्ही काही बोलू नका. धाकटी एकटी तुमचं सगळं करते. तुम्हीही यात होतात हे कळलं तर ती मोडून पडेल. मला काय, मी लांब राहते. राग माझ्यावरच राहू दे."

तर हा त्याग. तू माझा सगळा राग अंगावर घेतलास आणि बाप माझ्यासाठी शाबूत ठेवलास. लोक ऐकतील तर डोळे पुसतील. मला मात्र दुसऱ्यांदा थोबाडीत बसल्यासारखं झालं. सहा महिने मी त्यांच्या तोंडात घास दिला, तुझ्या नावाने बोटं मोडली, आणि ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटायचं ते दुखावलेत. ते लाजत होते.

तुम्ही दोघांनी ठरवलं की मला किती खरं झेपेल. डोळे तपासताना मी माणसाला विचारते, ही काच बरी की ही? उत्तर त्याने द्यायचं असतं. मला सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढून ठेवते आणि दुकानात जाते. काल त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्चीला खोळ घातली. उलटी.

धाकटी


११ मार्च

ताई,

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीजवळच उभी राहिले. परत काढता येत असतं तर काढलं असतं, कारण त्यात अर्धंच आहे. तुम्हा दोघांना लपवण्याबद्दल एवढं बोलले आणि वहीची शेवटची चार पानं लपवली. ती उतरवून देते.

"१२ सप्टेंबर. नाडी ५८. धाकटीने संध्याकाळीही पाच दिले. बोललो नाही."

"१३ सप्टेंबर. नाडी ५२. पुन्हा दोनदा. मळमळ. जेवण नको वाटते."

"१४ सप्टेंबर. नाडी ४६. दोनदा. भिंत पिवळी दिसते. थांब म्हटले तर का ते सांगावे लागेल."

"१५ सप्टेंबर. दोनदा. समारंभ. तीन मजले चढलो. मुख्याध्यापकांनी हात धरला होता. नाडी मोजली नाही."

पुढे कोरं.

वाचलंस ना? दुप्पट मी दिलं. चार दिवस. शाळेचं पत्र आल्यापासून अण्णा रोज जिन्याकडे बघायचे. मला वाटलं, एवढ्या व्हिटॅमिनने माणूस खाली जाऊन पेपर आणतो, तर थोडं वाढवलं की तिसरा मजला सहज चढेल. तू म्हणाली होतीस, "पाचच हं." पण व्हिटॅमिन म्हटल्यावर 'पाचच' कोण पाळतं? ते वर चढले तेव्हा मी खालून टाळ्या वाजवल्या, ताई. खरंच वाजवल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी किती थेंब विचारलं. तेव्हाच सांगणार होते. तेवढ्यात पोलिसाने घराचं विचारलं आणि तोंडातून आलं, "पाच. रोज पाच." एकदा म्हटलं की म्हटलं. मग तू आलीस, खरं काय ते कळलं, आणि मनात म्हणाले, आता तर मुळीच सांगणार नाही. समितीपुढे तेच, जबाबावर सही तीच. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की अर्क जास्त कडक झाला होता, मोजमाप चुकलं होतं.

चुकलं नव्हतं. तुझ्या गणितात काही सापडायचं नाही, कारण तिथे काही नाहीच. तुझी बाटली बरोबर होती.

हे मला सप्टेंबरपासून ठाऊक होतं. तू सतरा वेळा गणित मांडलंस हे वाचलं, तेव्हाही ठाऊक होतं. आणि मी तुला लिहिलं, शोध म्हणावं. अण्णांनाही ठाऊक होतं. माझ्या हातातून पेला घेताना प्रत्येक वेळी ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर तुमचं गुपित फुटलं असतं, म्हणून ते प्यायले. स्वतःच्या मर्जीने प्यायले आणि पाप माझ्या हाताला लावलं. ते शुद्धीवर आले नसते तर? मी आयुष्यभर कशी जगले असते, हे त्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार होते ते?

आज सकाळी त्यांना एवढंच विचारलं. ते रडले. मी त्यांना रडू दिलं. जवळ गेले नाही.

समितीला आणि पोलीस ठाण्याला नवीन जबाब लिहून पाठवला आहे. चार दिवस, दुप्पट, माझ्या हाताने, माझ्या मनाने. नक्कल सोबत आहे.

एक मात्र समजून घे. मी तुला फसवलं म्हणून तू मला फसवलंस ते पुसलं जात नाही. दोन्ही आहे. तुझं आधीचं आहे आणि माझं जास्त दिवसांचं.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील, किंवा रडणं, किंवा पाकीट न फोडता परत येईल. आत नऊ प्रश्न. क्रमांक घालून.

तुझी उत्तरं घे. संध्याकाळचे थेंब सातच्या सुमाराला, जेवणाआधी. पाणी तेवढंच, अर्धा पेला. ड्रॉपर तोच, बदलला नव्हता. बाटली ओट्यावर नाही, कपाटात होती, उन्हात नव्हती. हलवून देत नव्हते, हलवायची असते हे तू सांगितलं नव्हतंस. त्या चार दिवसांत त्यांनी दुसरं नवीन औषध घेतलं नाही. पातळ जुलाब नाहीत. पिवळं दिसायला लागलं ते तिसऱ्या दिवशी सकाळपासून. नवव्या प्रश्नाचं उत्तर अण्णांना विचारून लिहिते आहे: हो, नाडी ते सकाळच्या थेंबांच्या आधीच मोजायचे.

मी कशी आहे, हा दहावा प्रश्न तुला सुचला नाही. पण खाली, सहीनंतर, वेगळ्या शाईने तू लिहिलं आहेस, "काल नमुने एकदाच तपासून वर पाठवले." ते मी बऱ्याच वेळा वाचलं.

समितीचं उत्तर आलं. निष्कर्षातून 'सदोष मोजमाप' हे शब्द काढणार आहेत. नोकरी परत नाही. प्रयोगशाळेत औषध बनवून घरी नेलं हे उरतंच, म्हणाले. ते बरोबर आहे असं मलाही वाटतं. लपवत नाही. पोलिसांनी मला दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी अण्णा माझ्याबरोबर आले आणि टेबलावर वही ठेवून म्हणाले, "माझ्या मर्जीने घेत होतो. मुली एकमेकींच्या मागे लपल्या, मी दोघींच्या." पुढे काय होईल माहीत नाही. साहेबांनी वही ठेवून घेतली आहे.

घरी येताना अण्णांनी जिन्यात माझा हात धरायला हात पुढे केला. मी धरला, कारण ते पडले असते. माफ केलं असं समजू नका, म्हटलं. "नाही समजत," म्हणाले. मग एक मजला आम्ही तसेच चढलो.

तुलाही माफ केलेलं नाही. तू मला केलं असशील असंही वाटत नाही. नऊ प्रश्नांची माणसं अशी लगेच माफ करत नाहीत. पण गेल्या आठवड्यात दुकानात एका बाईला काच बसवताना मी मनातल्या मनात तुझ्याशी इतकं कडाकडा भांडले, की त्या म्हणाल्या, "अहो, काच फुटेल."

येत्या शनिवारी दुकान बंद आहे. सकाळच्या गाडीने ये. अण्णांना शेजारच्या काकांकडे बसवते, पेपर आणि चहा देऊन. दार लावून घेऊ आणि काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे. दोन महिने लिहून बघितलं, ताई. पत्रात मला ओरडता येत नाही.

धाकटी